कोपऱ्यावरचा पिझ्झेवाला

एखादं परकं गाव आपलं झालं, हे नेमकं कशावरून ओळखायचं? नगरपालिकेच्या दप्तरात नाव लागलं, बँकेत खातं उघडलं, मुलीला शाळेत प्रवेश मिळाला की झालं, असं कागदपत्रं म्हणतात. मला विचाराल, तर खूण निराळी आहे. संध्याकाळी दमून एखाद्या दुकानात शिरावं आणि दुकानदाराने हातातलं काम न थांबवता 'नेहमीचंच ना?' एवढंच विचारावं. त्या दोन शब्दांत सगळं येतं. तुम्ही पूर्वी आला होतात, तुमची आवड कुणीतरी ध्यानात ठेवली आहे, आणि उद्याही तुम्ही याल अशी त्याला खात्री आहे. गावाने तुम्हाला ठेवून घेतलं म्हणायचं.

आम्हाला असं ठेवून घेतलं ते उत्तर इटलीतल्या त्रिएस्ते गावातल्या एका पिझ्झेवाल्याने. २०१८च्या सप्टेंबरात आम्ही तिथे गेलो. अब्दुस सलाम या पाकिस्तानी शास्त्रज्ञाने १९६४ साली या गावात सैद्धांतिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभारलं. गरीब देशांतल्या संशोधकांना जगाच्या विज्ञानापासून तुटून राहावं लागू नये, हा त्यामागचा हेतू. आमचे हे त्याच केंद्रात कामाला होते. बरोबर मी आणि सहा वर्षांची लेक. मुक्काम तीन वर्षांचा.

त्रिएस्ते हे मोठं गमतीचं गाव आहे. समोर एड्रियाटिक समुद्र, पाठीशी खडकाळ पठार आणि काही किलोमीटरवर स्लोव्हेनियाची सरहद्द. १९१८ पर्यंत हे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं बंदर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं ते धड इकडचं ना धड तिकडचं अशा अवस्थेत राहिलं आणि १९५४ साली पुन्हा इटलीकडे आलं. इमारती व्हिएन्नाच्या वळणाच्या, बोली व्हेनिसच्या वळणाची आणि आडनावं निम्मी स्लाव्ह. लोक कॉफीचे असे भोक्ते, की साध्या कॉफीचीही त्यांनी इटलीत इतरत्र न चालणारी नावं ठेवली आहेत. शिवाय या गावाला स्वतःचा वारा आहे. 'बोरा' त्याचं नाव. हिवाळ्यात पठारावरून तो असा कोसळतो, की ताशी शंभर किलोमीटरचा वेग म्हणजे त्याच्या दृष्टीने फिरायला निघणं. चढाच्या गल्ल्यांत माणसांना धरायला पूर्वी दोर बांधत असत.

या गावात पहिले दोन महिने मी जवळजवळ मुकी होते. ह्यांच्या केंद्रात सगळं इंग्रजीत चाले. घराबाहेरचं जग मात्र माझ्या वाट्याला आलेलं आणि ते संपूर्ण इटालियन. दुपारी एक ते चार दुकानं बंद. पुणेकरांना याचं नवल वाटायला नको, पण पुण्यात बंद दाराशी निदान शेजारची बाई दोन शब्द बोलते. इथे जिन्यात भेटणारी माणसं 'बोनजोर्नो' म्हणत, हसत आणि निघून जात. वागणं सभ्य, तक्रारीला जागा नाही. पण सांगलीच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला नुसत्या सभ्यतेवर दिवस काढणं अवघड जातं.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आमच्या घरामागच्या गल्लीत एका काचेतून उजेड दिसला आणि भाजल्या कणकेचा वास आला. वर पाटी होती, 'पिझ्झा द'अस्पोर्तो'. अस्पोर्तो म्हणजे घेऊन जाण्यासाठी. बसायची सोय नाही. दुकान आपल्याकडच्या पानपट्टीहून थोडं मोठं. आत एक फळी, तिच्यामागे तोंड उघडून बसलेली लाकडाची भट्टी, छतापर्यंत रचलेली पुठ्ठ्याची खोकी, एक दूरध्वनी आणि कुणा संताचं चित्र असलेलं कॅलेंडर. भट्टीपाशी साठीचा एक रुंद गृहस्थ, कोपरापर्यंत पिठाने पांढरा. गल्ल्यावर त्याची आई. वय ऐंशीच्या पुढे. तिला सारी गल्ली 'नोन्ना' म्हणजे आजी म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सायकलवरून, पुढे स्कूटरवरून, खोकी पोचवायला एक भाचा. एवढाच कारभार. संध्याकाळी सहाला दार उघडायचं, दहाला बंद व्हायचं, मंगळवारी सुट्टी.

शाकाहारी माणसाला परदेशात पहिली धास्ती असते ती पाटीवरच्या नावांची. पिझ्झाच्या बाबतीत इटलीने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. अमेरिकेत 'पेपरोनी' म्हटलं की मांसाच्या तिखट चकत्या येतात. इटलीत 'पेपेरोनी' म्हणजे चक्क ढबू मिरच्या! उलट 'नापोलेताना' हे निरुपद्रवी वाटणारं नाव घेतलंत, तर वर खारवलेले बारके मासे येतात. 'दियावोला' म्हणजे सैतानीण. तिखट असणार म्हणून कोल्हापूरकराने हरखून जाऊ नये, तो तिखटपणा मांसाचाच असतो. चीजमध्येही मेख आहे. पार्मिजानो किंवा ग्राना ही नावाजलेली चीज दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरूनच करतात, तसा नियमच आहे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी 'मारिनारा' मागवावा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्हचं तेल. चीज नाहीच. नावात समुद्र आहे, पण मासा औषधालाही नाही. हा सगळा पाठ मला त्या फळीपलीकडून बोटं दाखवून, हातवारे करून आणि एकदा तर ढबू मिरचीच हातात देऊन मिळाला. इटालियन भाषेचा माझा पहिला वर्ग हाच.

मालक अबोल होता, पण कणकेविषयी विचारलं की खुलायचा. कणीक आदल्या दिवशी भिजवायची. यीस्ट अगदी चिमूटभर आणि मग चोवीस तास वाट बघायची. पीठ असं हवं, की ओढलं तर ताणेल पण तुटणार नाही. गव्हातल्या प्रथिनांची जाळी पाण्याने आणि मळण्याने तयार होते आणि आंबताना सुटलेला वायू त्या जाळीत अडकून राहतो. म्हणून गोळा लाटायचा नाही. लाटण्याने वायू निघून जातो. बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यायचं, म्हणजे हवा काठाशी जाऊन बसते आणि भट्टीत तो काठ फुगतो. भट्टीची उष्णता साडेचारशे अंशांच्या आसपास. खालून तापलेली फरशी, वरून घुमटाची धग. दीड मिनिटात काम तमाम. आपल्या घरच्या ओव्हनची धाव अडीचशे अंशांपर्यंत. म्हणून घरी केलेला पिझ्झा भाजायच्या आधी वाळतो. यात आपल्या हाताचा दोष नसतो, धगच कमी पडते.

नेपल्समधल्या पिझ्झेवाल्यांनी १९८४ साली संघटना काढून या सगळ्याचे नियम लिहून ठेवले. डिसेंबर २०१७ मध्ये तर युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. पिझ्झा या पदार्थाचा नव्हे, तो करणाऱ्या हाताचा हा मान आहे, हे विशेष. मालकाला मी अभिनंदन म्हणून हे सांगायला गेले, तर तो म्हणाला, "हो, पण पिठाचा भाव युनेस्को कमी करत नाही."

पिझ्झा म्हणजे इटलीचं राष्ट्रीय अन्न, अशी आपली समजूत असते. वास्तविक दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो नेपल्स आणि आसपासच्या गरिबांचा पदार्थ होता. तांब्याचा डबा डोक्यावर घेऊन फेरीवाले तो गल्लोगल्ली विकत. हातात कागदासारखा चौघडी करून लोक उभ्याउभ्याच खात. टोमॅटो तरी कुठे इटलीचा? तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. आपले मिरची आणि बटाटाही तिथूनच आले, आणि पाव हा शब्द तर पोर्तुगीजांनी दिला. आज वडापावाला मराठी बाणा मानण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. इटालियन माणसाचं टोमॅटोबाबत तसंच. जून १८८९ मध्ये राणी मार्गेरीता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितोने तिच्यासाठी लाल टोमॅटो, पांढरं मोझ्झारेला आणि हिरवी बेझिल अशा राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांत पिझ्झा केला आणि त्याला राणीचं नाव दिलं, ही कथा तिथे लहान मूलही सांगतं. राजवाड्याचं म्हणून मिरवलं जाणारं आभाराचं पत्रही भिंतीवर लावलेलं आहे. इतिहास संशोधकांनी त्या पत्राविषयी शंका काढल्या आहेत. पण आपल्याकडेही कितीतरी पदार्थांच्या जन्मकथा अशाच असतात. ऐकाव्यात, खावं, आणि वाद घालू नये.

खरी कथा राणीची नाहीच, ती पोटामागे निघालेल्या माणसांची आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत दक्षिण इटलीतून लाखो लोक उत्तरेकडच्या कारखान्यांत कामाला गेले. तोरीनोसारख्या शहरात तेव्हा 'दक्षिणेकडच्यांना खोली भाड्याने मिळणार नाही' अशा पाट्या लागत. देश एकच, धर्म एकच, लिपी एकच, तरी हे. या लोकांच्या मागोमाग त्यांचा पिझ्झा उत्तरेला गेला. आमचा पिझ्झेवालाही मूळचा त्रिएस्तेचा नव्हेच. अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या डोंगरात ट्रामोंती नावाचं जेमतेम चार हजार वस्तीचं गाव आहे. दूधदुभत्याचा मुलूख, तिथल्या डोंगररांगेच्या नावातच दूध आहे. या एवढ्याशा गावातल्या माणसांनी उत्तर इटलीभर पिझ्झेरिया काढले. आधी एक जायचा, मग तो भावाला बोलवायचा, भाऊ मेहुण्याला. मुंबईत उडुपी हॉटेलं कशी पसरली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमचा मालक सतरा वर्षांचा असताना मामाच्या हाताखाली राबायला आला आणि त्रिएस्तेचाच झाला. "पहिल्या हिवाळ्यात बोरा बघून मी रडलो होतो," असं तो एकदा सहज बोलून गेला. माझ्यासारख्या नवख्या बाईशी तो इतक्या धीराने का बोलतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

इटालियन भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. इंग्रजीत ही सोय नाही, त्यामुळे तिथे नातं कुठवर आलं ते भाषेवरून कळत नाही. इथे कळतं. पहिले चार महिने तो मला 'सिन्योरा' आणि 'लेई' म्हणे, म्हणजे 'अहो बाई, आपल्याला काय हवं?' फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी बोरा घोंगावत होता. पिझ्झाचं खोकं हातात आडवं धरलं तर त्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. शाळेतल्या मुलीने दप्तर धरावं तसं ते छातीशी कवटाळून चालावं लागतं. मी दारात पोचले तेव्हा केस, ओढणी, छत्री सगळ्याची दैना झालेली. नोन्नाने वर पाहिलं आणि मला 'तू' म्हणून हाक मारली, "ये गं आत, दार लाव." मागून मालक म्हणाला, "इल सॉलितो?" नेहमीचंच? घरी येताना वारा होताच, पण मला तो मागून ढकलतोय असं वाटलं.

२०१९च्या ऑगस्टअखेर माझी आई सांगलीहून आली. वय एकाहत्तर, पहिलाच विमानप्रवास, पक्की शाकाहारी, आणि चातुर्मास चालू. म्हणजे कांदा-लसूणही वर्ज्य. तिला तीन महिने काय खाऊ घालायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न नव्हता. मॉनफाल्कोने इथे जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करणारे बांगलादेशी खूप आहेत. त्यांच्या दुकानांतून डाळ, तांदूळ, कोथिंबीर, अगदी ओल्या मिरच्यासुद्धा मिळत. प्रश्न होता आईच्या घरात कोंडून राहण्याचा. नातीबरोबर बाहेर जायचं, पण बाहेर काही तोंडात घालायचं नाही. नात आजीसमोर पिझ्झा खायची आणि आजी डब्यातल्या दशम्या. पोरीने एक दिवस विचारलं, "आजी, तुला आमचं काहीच आवडत नाही का?" आईला ते लागलं. ती काही बोलली नाही, पण रात्री तिने पान अर्धंच सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला सगळं सांगितलं. चीज नको, लसूण नको. आणि खरी अडचण म्हणजे, ज्या फावड्याने मांसाचा पिझ्झा भट्टीत सरकतो त्याच फावड्याने, त्याच फरशीवर तिचा भाजला जाणार. हे सांगताना मला जरा संकोच होत होता. धंद्याच्या वेळी गिऱ्हाइकाचे असले सोवळेओवळे कोण ऐकून घेणार? त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझी आई किती वाजता जेवते?" मग म्हणाला, सहा वाजता घेऊन ये. सहा वाजता भट्टी नुकती झाडून काढलेली असते, फरशी धगीने स्वच्छ झालेली असते. एक फावडं मी धुऊन बाजूला ठेवतो. पहिला पिझ्झा तिचा.

आईला मी एवढंच सांगितलं, की तुझ्या हातून त्याची भवानी होणार आहे. व्यापाऱ्याच्या घरातली ती. भवानीचा अर्थ तिला सांगावा लागत नाही. तिने चांगली साडी नेसली. दुकानात गेल्यावर ती फळीपाशी उभी राहून त्याचे हात बघत राहिली. गोळा फळीवर आला, बोटं कडेकडे सरकू लागली, आणि आई मराठीत म्हणाली, "अगं, हा तर थापतोय!" मी भाषांतर करायच्या आत तिने आपले दोन्ही हात वर करून हवेत भाकरी थापून दाखवली. तो थांबला. पाहत राहिला. मग त्याने पिठाचा एक गोळा तिच्याकडे सरकवला.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी तार नसते. ते ताणत नाही, चिरतं. म्हणून आधण घालून मळावं लागतं आणि तळव्याने थापत फिरवावं लागतं. जन्मभर ते पीठ हाताळलेल्या बाईला हा लवचिक गोळा मिळाल्यावर तिचे हात क्षणभर बावरले आणि मग चालू लागले. तो तिला इटालियनमध्ये सांगत होता, ती त्याला मराठीत. "काठ जाड ठेवायचा होय?" "सी, सी, इल बोर्दो." पुढची पाच मिनिटं माझी दुभाषी म्हणून कुणालाच गरज लागली नाही. त्यावर टोमॅटो, तेल आणि ओरेगानो एवढंच घातलं. त्याला ते 'रॉसा' म्हणतात, लाल. आईने तिथेच उभ्याने तुकडा मोडला. यीस्टचं काय, हा प्रश्न मी घाबरतच काढला, तर ती म्हणाली, "इडली आंबते, ढोकळा आंबतो, त्यांना काय आपण वाळीत टाकलंय?"

त्यानंतर दर शुक्रवारी सहाला भवानी आईची. २ सप्टेंबरला गणपती होते. तांदळाची पिठी आणि नारळ दोन्ही गावात मिळाले, आणि प्रसादाचे पाच मोदक दुकानात गेले. नोन्नाने मोदकाच्या पाकळ्या मोजल्या आणि निकाल दिला, की या हाताला राविओली सहज जमतील. नोव्हेंबरात आई परत निघाली तेव्हा तिने भडंगाचा शेवटचा डबा त्यांना दिला. नातीने आजीला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

पुढचा हिवाळा मात्र निराळा निघाला. २०२०च्या फेब्रुवारीत हे कामासाठी पुण्याला गेले. १० मार्चपासून सारी इटली बंद झाली आणि २२ मार्चपासून भारताने बाहेरची विमानं थांबवली. हे पुण्यात, मी आणि आठ वर्षांची पोर त्रिएस्तेत. घराबाहेर पडायचं तर कारणाचा लेखी जबाब खिशात ठेवून. दूरदर्शनवर बेर्गामोचे आकडे. रात्री पोर झोपली की मी एकच विचार करीत असे, मला ताप आला तर हिला कोण घेईल?

खानावळी, उपाहारगृहं बंद होती, दुकानात येऊन घेऊन जाण्यालाही बंदी होती. घरपोच देण्याची तेवढी मुभा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी आमचा दूरध्वनी वाजला. पलीकडे मालक. "हे पुण्याला अडकलेत असं बेकरीवालीकडून कळलं. तुम्ही दोघी ठीक आहात?" मी ठीक आहोत म्हटलं. "मग शुक्रवारचं नेहमीचंच पाठवतो." भाच्याने खोकं दाराबाहेर ठेवलं, जिन्याच्या चार पायऱ्या उतरून उभा राहिला, आणि मी ते उचलल्यावर हात हलवून गेला. घरात रोख पैसे नव्हते आणि कार्डाचं यंत्र तो घेऊन फिरत नव्हता. मी खिडकीतून ओरडून पैशांचं विचारलं, तर खालून उत्तर आलं, "ओज्जी आ ओत्तो!"

हे नेपल्सकडचं जुनं बोलणं आहे. आज खा, आठ दिवसांनी दे. उपासमारीच्या काळात तिथे तळलेला पिझ्झा असा उधारीवर विकत. १९५४ सालच्या 'लोरो दी नापोली' या चित्रपटात सोफिया लॉरेन असा पिझ्झा विकते. नेपल्समध्ये २०२०च्या त्या वसंतात लोकांनी गच्च्यांमधून टोपल्या खाली सोडल्या होत्या आणि त्यांवर लिहिलं होतं, जमेल त्याने ठेवावं, गरज असेल त्याने घ्यावं. आमच्या वाट्याला ती टोपली खोक्याच्या रूपाने आली. आठ दिवसांचे सात आठवडे झाले. तो दर दोन-तीन दिवसांनी दूरध्वनी करी. अर्धं मिनिट, कधी त्याहून कमी. पण माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळालं होतं. या गावात मी दोन दिवस दूरध्वनी उचलला नाही, तर जिना चढून येईल असा एक माणूस आहे. पोरीने इंद्रधनुष्याचं चित्र काढलं, तेव्हा साऱ्या इटलीतली मुलं काढत होती तसं, आणि ते खोक्यांच्या भाच्यामार्फत दुकानाच्या काचेवर जाऊन बसलं.

४ मे रोजी दुकानातून पदार्थ नेण्याची परवानगी मिळाली. मी वहीत सगळा हिशेब मांडून ठेवला होता. पैसे काढून दुकानात गेले. मला वाटलं होतं, तो 'राहू दे' म्हणेल. तो तसं म्हणाला नाही. नोन्नाने चष्मा लावला, वही तपासली, नोटा मोजल्या, सुटे परत दिले आणि पानावर आडवी रेघ मारली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. दान करणारा माणूस मोठाच, पण त्यापुढे आपण लहान होतो. उधारी देऊन ती चोख वसूल करणारा माणूस तुम्हाला बरोबरीचं मानतो. तुम्ही अडचणीत होतात, एवढंच. गरीब किंवा बिचारे नव्हतात, असं तो न बोलता सांगतो. हे जूनअखेर परत आले. त्यांच्यासाठी पहिला 'मार्गेरीता' मात्र दुकानातर्फे आला, आणि तो वहीत मांडू दिला नाही.

'डोमिनोज'ने भारतातलं पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीत काढलं आणि आज आपल्या तालुक्याच्या गावांतही पिझ्झा पोचला आहे. हीच कंपनी २०१५ मध्ये इटलीत शिरली, आणि २०२२ मध्ये तिथली सगळी दुकानं बंद करून परतली. त्याची कारणं अर्थातच व्यवहाराची होती. कर्ज होतं, महासाथ होती, आणि महासाथीत कोपऱ्याकोपऱ्यावरचे पिझ्झेवाले स्वतःच घरपोच देऊ लागले होते. यातलं शेवटचं कारण मी दाराच्या फटीतून पाहिलं आहे.

२०२१च्या उन्हाळ्यात आम्ही परतलो. नोन्ना आता गल्ल्यावर बसत नाही. भट्टी पुढे भाचा चालवणार की नाही, हे ठरलेलं नाही. तो हुशार आहे, आणि संध्याकाळचे चार तास साडेचारशे अंशांपुढे उभं राहणं तरुण माणसाला आयुष्यभर परवडेलच असं नाही. अशी दुकानं माणसाबरोबर येतात आणि माणसाबरोबर जातात. वारशाच्या यादीत कला राहते, गल्लीतला दिवा राहीलच असं नाही.

परतल्यापासून मी आपल्याकडची पोळी-भाजी केंद्रं निराळ्या नजरेने बघते. तीच फळी, तीच वाफ, तेच 'घेऊन जाण्यासाठी'. पुण्या-मुंबईत संध्याकाळी तिथे रांगेत कोण उभं असतं? मणिपूरहून शिकायला आलेली मुलगी, बिहारचा सुतार, लातूरहून परीक्षेच्या तयारीला आलेला पोरगा. त्यांतल्या पुष्कळांना आपली भाषा नीट येत नाही, आपलं तिखट सोसत नाही. फळीमागच्या बाईंना त्यांचं नाव ठाऊक नसेल, पण कुणाला आमटी कमी तिखट लागते आणि कुणाची पोळी बिनतेलाची, हे त्यांना पाठ असतं. ही मुलं दोन दिवस आली नाहीत तर त्या शेजारच्या दुकानदाराला विचारतात, "ती बारकी दिसली नाही का हो?" त्या बाईंना कुणी कधी मानपत्र दिलेलं नाही. परक्या गावात ज्याने अशी एक तरी संध्याकाळ काढली आहे, त्याने आपल्या गल्लीतल्या फळीमागे कोण उभं आहे, हे एकदा थांबून पाहावं. आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या नवख्या माणसाला शब्द सापडत नसेल, तर घाई न करता तो सांगावा.